अकरा अनोळखी कुंड्या: ओळखायला काय घेऊ? ॲप, पुस्तक की भिंग?

नवखी माळीण
नमस्कार. नव्या घरात राहायला आलो, तर आधीचे भाडेकरू गॅलरीत अकरा कुंड्या तशाच सोडून गेलेत. झाडं तब्येतीत आहेत, फुलतायत, पण एकाही कुंडीवर नाव नाही. मला गुलाब, जास्वंद आणि सदाफुली यापलीकडे काही कळत नाही. नाव माहीत नसेल तर पाणी किती, ऊन किती, छाटायचं कधी, हे शोधणार तरी कसं?

तर ओळखण्यासाठी एकच काहीतरी घ्यायचंय. ॲप, पुस्तक किंवा भिंग. बजेट एका रिकाम्या मध्यम कुंडीएवढं. त्यावर एक पैसाही नाही, कारण माती-खत अजून आणायचंय.

फुकटचं ॲप वापरून पाहिलं. तीन नंबरच्या कुंडीला त्याने सकाळी इक्सोरा म्हटलं, दुपारी पेंटास आणि संध्याकाळी जरबेरा. (जरबेरा नाही एवढं मलाही कळतं.) झाड गुडघ्याएवढं, बारीक लाल फुलांचे गुच्छ, पानं समोरासमोर. फोटो डकवलाय, पण काढताना वारा होता.

झटपट
इक्सोरा. धागा बंद करा.

मेगापिक्सेल
फोटो हललाय, त्यात ॲपचा काय दोष? सरळ मॅक्रो लेन्स घ्या. मी मागच्या वर्षी घेतली, सोबत ट्रायपॉड आणि रिंगलाइट. शेवंतीच्या मधला पिवळा गोंडा असतो ना, त्यातला एकेक ठिपका हे स्वतंत्र फूल असतं, पाच दातांचं. वाचून माहीत होतं, पण बघितल्यावर मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. लेन्सशिवाय बागकाम म्हणजे चष्म्याशिवाय वाचन.

नवखी माळीण
आभार. बजेट वाचलंत का?

मेगापिक्सेल
वाचलं. पण हा एकदाच होणारा खर्च आहे.

पानगळ
फुकटच्या ॲपच्या नादी लागू नका. मी पैसे भरून वर्षभराचं सभासदत्व घेतलंय आणि एकदाही पस्तावले नाही. माझ्याकडची जास्वंद त्याने दर वेळी बरोबर ओळखली आहे.

आळशी माळी
जास्वंद तर माळीणबाईसुद्धा ओळखतात, त्यांनी वरच लिहिलंय.

पानगळ
सहा रंगांच्या जास्वंदी आहेत माझ्याकडे, त्यातली एक डबल. सगळ्या ओळखल्या. असो.

देठापासून
तीन नंबरपुरतं सांगतो, त्याला काहीही विकत घ्यावं लागणार नाही.

पाकळ्या मोजा. इक्सोराला चार, पेंटासला पाच. एका फुलावर विसंबू नका, गुच्छात एखादं चुकार निघतंच. दहा फुलं मोजा. मग पान बोटांत धरून बघा. इक्सोराचं पान जाड, चामड्यासारखं, तुकतुकीत आणि जवळजवळ बिनदेठाचं. पेंटासचं मऊ, लवदार आणि शिरा वरच्या बाजूने खोल गेलेल्या. दोघं एकाच कुळातले, कदंबाच्या. त्यामुळे समोरासमोरच्या दोन पानांच्या मध्ये, खोडाला चिकटून, एक इवलंसं उपपर्ण दोघांनाही असतं. इक्सोराचं टोकदार त्रिकोणी, पेंटासचं केसांच्या झालरीसारखं चिरलेलं. ॲप गोंधळलं त्याचं नवल नाही. लांबून काढलेल्या हललेल्या फोटोत दोन्हींचा लाल गुच्छ तेवढा दिसतो.

उपपर्ण नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. घरात दुर्बीण असेल तर ती उलटी धरा. मोठी काच डोळ्याकडे, छोटी काच फुलापासून बोटभर लांब. चांगलं भिंग होतं. खर्च शून्य.

बाकी दहा कुंड्यांसाठी एक सवय लावून घ्या. फूल शेवटी बघायचं, आणि फुलाचा रंग त्याच्याही नंतर. रंग माणसांनी हवे तसे करून घेतलेत. आधी पानं समोरासमोर की एकाआड एक, खोड गोल की चौकोनी, पान तोडल्यावर चीक येतो का, चुरडल्यावर वास कसला येतो. डबल फुलांत तर पुष्कळदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, तिथे मोजत बसण्यात अर्थ नाही.

एकदाच पुरे
"चीक येतो का" हे बघण्याबद्दल थोडं. माझ्याकडे काटेरी युफोर्बिया आहे, लाल दोन पाकळ्यांचा. असंच एका धाग्यावर वाचून पान तोडलं, पांढरा चीक आला, खूश झालो. पाच मिनिटांनी घाम पुसताना तेच बोट डोळ्याला लागलं. नळाखाली किती वेळ डोळा धरून उभा होतो देव जाणे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तोडलंत कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हातमोजे घाला, नाहीतर निदान काडीने तोडा. अकरांत कण्हेर असली तर तिचा प्रत्येक भाग विषारी असतो, घरात लहान मूल असेल तर आधी तीच ओळखा.

देठापासून
हे मी लिहायला हवं होतं. चूक मान्य.
(युफोर्बियाच्या त्या दोन पाकळ्या नाहीत बरं का, छदं आहेत, म्हणजे फुलाला लागून असलेली रंगीत पानं.)

कागदी
ओळखण्याचं सोडा, विकणाऱ्यालाच कळत नाही. मी पांढरी बोगनवेल म्हणून आणली. आठ महिने मुलासारखी वाढवली. फुलली ती भडक मजेंटा. परत घेऊन गेले तर म्हणाला, "मातीचा गुण." माझ्या भिंतीचा रंग मी पांढऱ्या पाकळ्यांना शोभेल असा निवडला होता.

लॅटिनमास्तर
मातीचा गुण हायड्रेंजियात असतो. आम्ल मातीत ॲल्युमिनियम मिळालं तर निळी, नाहीतर गुलाबी. बोगनवेलीला हे लागू नाही, तुम्हाला फसवलंय.
आणि त्या पाकळ्या नव्हेत. बोगनवेलीचं रंगीत ते सगळं छद. खरं फूल म्हणजे आतली बारीक फिकट नळी. तीन छदं, प्रत्येकाला चिकटलेलं एकेक फूल.

कागदी
माझे पैसे पाकळ्यांसाठी गेले, मी पाकळ्याच म्हणणार.

लॅटिनमास्तर
म्हणा. कर्दळीतही तुम्ही ज्यांना पाकळ्या म्हणता ते रूप बदललेले पुंकेसर असतात. गुलबक्षीला तर पाकळ्याच नाहीत, रंगीत दिसतो तो निदलपुंज, म्हणजे एरवी कळीवर हिरवं असतं ते बाहेरचं आवरण.

आळशी माळी
मग पाकळी नक्की आहे तरी कुणाला?

रातराणी७
मी हेच सांगणार होते की पाकळ्या मोजा.

माझी आजी झाडं वेळेवरून ओळखायची, हे कुणी लिहिलं नाही. चिनी गुलाब ऊन चढलं की उघडतो, ढग आले की मिटून बसतो, म्हणून तर त्याला ऑफिस टाइम म्हणतात. गुलबक्षी दुपार कलली की. एखादी कुंडी नेहमी मिटलेलीच दिसत असेल तर तुम्ही चुकीच्या वेळी बघताय. आणि मधुमालतीसारखी असेल तर एकाच झुबक्यात पांढरी, गुलाबी आणि लाल फुलं दिसतील. ती तीन झाडं नाहीत, फूल जसं जुनं होतं तसा रंग चढतो. एकाच दिवशी एकच फोटो काढून काय कळणार?

नवखी माळीण
वेळेचं खरंच सुचलं नव्हतं. सहा नंबर सकाळी मिटलेली असते, आज संध्याकाळी बघते.

लॅटिनमास्तर
काहीही घ्या, पण नाव लिहाल ते शास्त्रीय लिहा. देशी नावांवर विसंबलात की संपलं. चाफाच घ्या. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या आणि पांढरा चाफा, म्हणजे प्लुमेरिया, कण्हेरीच्या. नावापलीकडे एकमेकांशी संबंध नाही.

रातराणी७
संबंध आहे. तिन्हींचा वास घरभर राहतो.

पानगळ
शास्त्रीय नावं तरी कुठे टिकतात? आमच्या जिरेनियमला मागे कुणीतरी "हे जिरेनियम नाहीच" म्हणून सुनावलं.

लॅटिनमास्तर
बरोबरच सुनावलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये जिरेनियम आणि पेलार्गोनियम दोन्ही एकाच प्रजातीत टाकली होती, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिएने १७८९ मध्ये पेलार्गोनियम वेगळं काढलं. कुंडीत, खिडकीत असतं ते बहुधा पेलार्गोनियमच. जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन खालच्या तिघींपेक्षा निराळ्या दिसतात, पण निवडून तयार केलेल्या वाणांत हा फरक पुसट होतो. तेव्हा फुलाचा देठ ब्लेडने आडवा कापून बघा. आत मधाची बारीक पोकळ नळी देठाला जुळलेली दिसली की पेलार्गोनियम.

आळशी माळी
१७८९ पासून रोपं विकणाऱ्यांना कुणी कळवलंच नाही का?

मेगापिक्सेल
ती नळी मॅक्रोत फार सुंदर दिसते. सहज सांगितलं.

नवखी माळीण
तीन नंबरचा अहवाल.

शेजारच्यांची दुर्बीण आणली. कुंडीत डोकं घालून, दुर्बीण उलटी धरून मी अर्धा तास बसले होते. समोरच्या गॅलरीतल्या आजोबांनी दोनदा विचारलं, काही हरवलंय का. दहा फुलं मोजली. नऊ पाच पाकळ्यांची, एक सहाचं. चारचं एकही नाही. प्रत्येक फुलाच्या तोंडाशी पांढऱ्या केसांचा दाट झुपका आहे, जणू नळीत कापूस कोंबलाय. तो नुसत्या डोळ्यांना पांढरा ठिपका वाटत होता. पान मांजराच्या कानासारखं मऊ. दोन पानांच्या मध्ये तुम्ही म्हणालात तशी केसाळ झालर दिसली, आधी मला ती बुरशी वाटली होती आणि मी ती नखाने काढणार होते.

म्हणजे पेंटास ना?

देठापासून
पेंटास. घशातले केसही त्याच्याच बाजूने साक्ष देतात. छान बघितलंत, झालर फार जण सोडून देतात.

झटपट
एक सहाचं निघालं म्हणता. मग पेंटास कशावरून?

देठापासून
चारचं एकही निघालं नाही यावरून.

झटपट
मी फोटोवरून सांगितलं होतं. फोटोत चार दिसतात.

आळशी माळी
फोटोत चार कुंड्या दिसतात.

एकदाच पुरे
नाव लिहिताना कायमस्वरूपी म्हणतात त्या मार्करने लिहू नका. माझी सगळी नावं एका उन्हाळ्यात उडाली आणि मी पुन्हा शून्यावर. प्लॅस्टिकच्या खडबडीत पट्टीवर साध्या पेन्सिलने लिहा, ती टिकते.

कागदी
पट्टीवर विकणाऱ्याने लिहिलेलं नाव मात्र जसंच्या तसं मानू नका. माझी मजेंटा अजून "पांढरी" नावाच्या पट्टीखाली उभी आहे. मुद्दाम ठेवलीये.

देठापासून
तुमचं ठरलं का माळीणबाई? माझा सल्ला, दहापट मोठं दाखवणारं छोटं घडीचं भिंग. बजेटात बसेल. एकच लक्षात ठेवा, भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि फूल त्याच्याकडे आणायचं. लोक भिंग फुलावर धरून स्वतः लांब उभे राहतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात.

रातराणी७
भिंग. +१

पानगळ
ॲपच. पण ऐकतंय कोण.

नवखी माळीण
मंडळी, आता रागावू नका. मी पुस्तक घेतलं.

जुनं आहे, उशीएवढं जाड, आणि अर्धी झाडं बर्फ पडणाऱ्या मुलखातली. माझ्या अकरांपैकी जेमतेम चार त्यात सापडतील. पण आत फोटो नाहीत, हाताने रंगवलेली चित्रं आहेत. प्रत्येक झाडाच्या बाजूला फूल उभं चिरून आत काय असतं ते काढलंय, कळी वेगळी, फळ वेगळं, पानाची मागची बाजूसुद्धा. फोटोत एखादं पान दुसऱ्या पानामागे लपतं, इथे काढणाऱ्याने ते बाजूला सारून दाखवलंय. ते बघता बघता माझ्या लक्षात आलं की मी आजवर एकाही पानाची मागची बाजू बघितलेली नाही. मग ते दुकानात परत ठेववेना.

दीड कुंडी पडली. माती पुढच्या महिन्यात.

दुर्बीण शेजाऱ्यांनी "राहू दे तुमच्याकडेच" म्हणून दिली आहे, त्यामुळे भिंगाचं भागलं.

मेगापिक्सेल
म्हणजे बजेट वाढतं तर! मग लेन्सच का नाही घेतलीत?

लॅटिनमास्तर
जुन्या पुस्तकातली नावं जपून वापरा. सदाफुली तुम्हाला विंका म्हणून सापडेल, आता ती कॅथरँथस आहे.

नवखी माळीण
आता सात नंबर, पुस्तकात नाही. मोठी पिवळी कर्ण्यासारखी फुलं, पाच पाकळ्या, तळाशी जोडलेल्या. खोड लांबत चाललंय, कठड्याला टेकलंय. एका पेऱ्याभोवती चार-चार पानं, कडा सरळ, तुकतुकीत. काडीने पान तोडलं (हातमोजे घालून!), पांढरा चीक आला. सहा नंबर गुलबक्षी निघाली, पाचनंतर उघडली.

देठापासून
अल्लामांडा. पिवळा कर्णा दिसला की लोक टेकोमा म्हणतात, पण टेकोमाला चीक नसतो, आणि त्याचं पान अनेक पर्णिकांचं, कडा करवतीसारख्या. तुम्ही फूल सोडून सगळं आधी बघितलंत की. काडी टाकून द्या आणि हात धुवा.

एकदाच पुरे
हात दोनदा धुवा.

झटपट
इक्सोरा पिवळाही असतो.