‘रिफिनिश’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अमेरिकेतल्या १९५०-६० च्या दशकांतल्या ‘शास्ता’सारख्या छोट्या कॅराव्हॅनबद्दल लिहितो आहे. आतल्या भिंती बर्चच्या पातळ प्लायवूडच्या, त्यांवर मधाच्या रंगाचं शेलॅक. हौशी मालक त्या ‘रिफिनिश’ करतात. ‘नूतनीकरण’ चालेल का?

उत्तर: नको हो. नूतनीकरण म्हटलं की जुनं उखडून नवं बसवल्यासारखं वाटतं. इथे भिंत तीच राहते. ‘रंगकाम’ही नको, रंगाखाली लाकूड झाकलं जातं. आपले पॉलिशवाले म्हणतात तेच लिहा: ‘पॉलिशचा हात मारला’.

शेलॅक म्हणजे आपला चपडा. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या लाखेच्या किड्यांची राळ गाळून त्याचे पातळ पापुद्रे करतात आणि स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला लावतात. झारखंडात आजही लाखेचं मोठं उत्पादन होतं. तेव्हा बिनदिक्कत ‘लाखेचं पॉलिश’ म्हणा.

शेलॅक वाळल्यावरही स्पिरिटने विरघळतं, म्हणून नवा हात जुन्यात मिसळून जातो. एरवी सगळं खरवडायची गरजच नसते. मेणचट थर पुसायचा, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा आणि वर पातळ हात मारायचा. आधी कपाटाच्या आत स्पिरिटचा बोळा घासून बघतात. चिकट झालं तर शेलॅक. स्पिरिटला दाद न देता थिनरने मऊ पडलं तर बहुधा लॅकर. इंग्रजीत सगळ्यालाच ‘रिफिनिश’ म्हणतात. तुम्ही मात्र ‘पॉलिश उतरवणं’ आणि ‘हात मारणं’ वेगळं ठेवा, नाहीतर वाचून कोणीतरी चांगली भिंत खरवडून काढेल.

प्रश्न: आणि खिडकीखाली पाणी मुरून पडलेले काळे डाग? शिवाय बर्चला ‘भूर्ज’ म्हणू का?

उत्तर: डाग ऑक्झॅलिक ॲसिडने काढतात. ते विषारी आहे, हातमोज्यांचा उल्लेख करा. प्लायचे थर सुटले असतील तर तुकडाच बदलावा लागतो, तिथे ‘दुरुस्ती’ हाच शब्द. बर्च बर्चच राहू द्या. भूर्ज त्याच कुळातला, पण हिमालयातला. वाचकाच्या डोळ्यांपुढे पोथ्या येतील.

प्रश्न: मग असं लिहितो: ‘खिडकीखालचे डाग काढले, तेवढ्या भागाचं पॉलिश उतरवलं आणि भिंतीवर चपड्याचे दोन हात मारले.’

उत्तर: भाषा छान. क्रम बदला: आधी पॉलिश उतरवलं, मग डाग काढले. पॉलिशवरून ॲसिड लाकडापर्यंत पोचत नाही.