मदत हवी आहे: दुकानाच्या दारावर ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावली आणि फसलो (नाशिक)

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथं नुसता वाचनमात्र. पाककृती आणि भटकंतीचे धागे वाचायचे आणि गुपचूप सटकायचं. आज स्वतःच अडकलोय म्हणून लिहितोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

नाशिकला मेन रोडच्या बाजूला आमचं साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. शेजारचा गाळा धाकट्या भावाचा, त्यात फरसाण आणि सुकामेवा. मधल्या भिंतीत वडिलांनीच दार काढलं होतं. शेव घ्यायला आलेली बाई साडी बघून जाते, असा त्यांचा हिशोब, आणि तो अजूनही चालतो. पण या दारामुळेच पुढचा गुंता झालाय, म्हणून आधी सांगून ठेवतो.

आमच्या लहानपणी कुत्रं म्हणजे बंगल्याच्या आवारातलं, साखळीला बांधलेलं. आता कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगरच्या फ्लॅटमधून घरचं लेकरू असल्यासारखी कुत्री खरेदीला येतात. माझी त्याला हरकत नव्हती. पण आमच्याकडे अजून गादी आहे. पांढरी चादर घातलेली, गिऱ्हाइकानं चप्पल काढून बसायचं, आम्ही पुढ्यात साड्या उलगडायच्या. मागच्या दिवाळीआधी एक ताई त्यांच्या लाडूला घेऊन आल्या. लाडू म्हणजे शिह त्झू, डोक्यावर रबरबँडची शेंडी. ताई पदर बघताहेत, मी रंग दाखवतोय, आणि लाडूनं गादीच्या कोपऱ्यावर शांतपणे पाय वर केला. चादर धुता येते हो, पण खाली पैठणीची थप्पी होती. वरच्या दोन गेल्या. ताई म्हणाल्या, “अय्या, घरी कध्धी करत नाही!” पैसे द्यायचा विषय काही निघाला नाही.

दुसऱ्याच दिवशी शालिमारला जाऊन रेडियमची पाटी करून आणली. ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’. दोन्ही गाळ्यांना मिळून एकच. वर्षभर सुखात गेलं.

आता गेल्या शनिवारचं. दुपारी चारचा सुमार, मी वर माळ्यावर माल मोजत होतो. दारात आमचे नाना. वय पंचावन्न, माझ्या वडिलांपासून कामाला. एक जोडपं आलं. नवऱ्याला दिसत नाही, हातात काळ्या लॅब्रॅडॉरचा पट्टा. पट्टा म्हणजे साखळी नव्हे, कुत्र्याच्या पाठीवरून वर आलेली ताठ मूठ. नाना म्हणाले, “साहेब, कुत्रं बाहेर ठेवा.” ते गृहस्थ हसून म्हणाले, “तो बाहेर राहिला तर मला आत कोण आणणार?” यावर नानांनी पाटीकडे बोट केलं. ज्याला दिसत नाही त्याला पाटी दाखवली. बायकोनं ती वाचली, म्हणाली, “माझा लग्नातला शालू इथलाच आहे,” आणि दोघं निघून गेले.

मी खाली येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. रात्री कॅमेऱ्यात पाहिलं. ही बोलाचाली चालू असताना तो कुत्रा पायरीवर मालकाच्या बुटाला हनुवटी टेकवून पडलाय. बाजूनं माणसं येताहेत, एक पोरगं त्याच्या शेपटीवर पाय देता देता राहिलं, हाताच्या अंतरावर भावाकडचा गरम फाफडा आहे, पण त्यानं मान वळवली नाही. इतकी शिस्त आमच्या गिऱ्हाइकांत नाही.

नानांना बोलायला गेलो तर ते वेगळंच निघालं. लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावलेलं, तेव्हाची पोटातली चौदा इंजेक्शनं घेतलेला माणूस आहे. कुत्रं दिसलं की आजही तळहाताला घाम सुटतो म्हणाले. पाटी लावली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला होता.

तर जाणकारांनी सांगा. अशा कुत्र्याला अडवणं कायद्यात बसतं का? भाऊ म्हणतो खाण्याच्या दुकानात कुत्रं आलं तर परवाना जाईल, ते खरं का? लाडू आणि तो लॅब्रॅडॉर यांत फरक करणारी पाटी लिहायची कशी? आणि उद्या कुणी लाडूलाच ‘हा पण तसलाच’ म्हणून आणलं तर ओळखायचं कसं?

---

प्रतिसाद – गंगापूररोडकर

आधी आमच्या जमातीची बाजू मांडते. लाडूच्या आईनं साड्यांचे पैसे द्यायलाच हवे होते, त्यात दुमत नाही. पण “गाडीत ठेवून या ना” असं जे दुकानदार सहज म्हणतात ना, ते कृपा करून म्हणू नका. नाशिकची थंड हवा वगैरे जुन्या गप्पा, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी चढतं, आणि काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला थंड व्हावं लागतं. आत घ्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, आम्ही घरी ठेवून येऊ. मी तर साडीखरेदीला माझ्या बोक्यालाही नेत नाही, त्याला सिल्कची आवड आहे.

---

प्रतिसाद – काळा कोट

वकिली करतो, पण हा सल्ला फुकटचा आहे हे लक्षात ठेवून वाचा.

घरगुती पाळीव प्राण्यांचा प्रश्न सोपा आहे. कापडाचं दुकान तुमचं, लाडूला आत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सोसायटीत कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही म्हणून लोक प्राणी कल्याण मंडळाचं परिपत्रक नाचवतात, त्याचा तुमच्या गादीशी संबंध नाही. उलट कुणाचं कुत्रं दुकानात कुणाला चावलं आणि मालकानं काळजी घेतली नव्हती, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ त्या मालकाला लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शनिवारचं प्रकरण वेगळं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ काढून बसा. त्यात गाईड डॉगची, म्हणजे न दिसणाऱ्याला वाट दाखवणाऱ्या शिकवलेल्या कुत्र्याची, वेगळी व्याख्या नाही, म्हणून ‘कुत्र्याचं नाव कुठं आहे?’ असा युक्तिवाद करणारे भेटतात. पण सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोकांची ये-जा असलेली, व्यापारासाठी वापरली जाणारी खासगी जागाही येते. सार्वजनिक सेवांच्या व्याख्येत तर खरेदी हा शब्दच आहे. कलम ३ दिव्यांगत्वावरून भेदभाव करायला मनाई करतं, आणि वाजवी सोय (दिव्यांग माणसाला इतरांसारखं वावरता यावं म्हणून करायचा जमण्याजोगा बदल) नाकारणं हाही भेदभावच, असं व्याख्येत लिहिलंय. दिसत नसलेल्या माणसाला त्याच्या कुत्र्याशिवाय आत या म्हणणं म्हणजे कुबड्या बाहेर ठेवून या म्हणण्यासारखं आहे, असंच मी तरी त्यांच्या बाजूनं मांडेन. कायद्याच्या पहिल्या भंगाला दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर किमान पन्नास हजार आणि कमाल पाच लाख. तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाते.

आता तुमचा भाऊ. तो अगदीच चुकत नाहीये. अन्नसुरक्षेच्या परवान्याचे २०११ चे विनियम आहेत, त्यांच्या परिशिष्ट ४ मध्ये प्राणी, पक्षी, पाळीव जनावरं अन्नव्यवसायाच्या आवारात येऊ देऊ नयेत असं म्हटलंय. लाडू तिथं चालणारच नाही, आणि ते तुम्ही कायद्याचं नाव घेऊन सांगू शकता. गाईड डॉग आला तर दोन कायदे समोरासमोर येतात. अशा वेळी वाद न घालता दुकानातल्या माणसानं बाहेर येऊन ऑर्डर घ्यावी, चव बघायला द्यावी, माल हातात आणून द्यावा. यात वाजवी सोयही होते आणि फाफडाही उघड्यावर सुरक्षित राहतो. आणि ते मधलं दार तेवढा वेळ लावून घ्या. वडिलांचा हिशोब दहा मिनिटं थांबेल.

---

प्रतिसाद – सातासमुद्रापार

ते जोडपं परदेशातून आलं असणार, कारण आपल्याकडे गाईड डॉग हाताच्या बोटांवर. तिकडे अमेरिकेत राहते म्हणून सांगते, ते गृहस्थ गोंधळले असतील. तिथं किराणा दुकानातही अशा कुत्र्याला अडवत नाहीत. दुकानदारानं फक्त दोन गोष्टी विचारायच्या: हा कुत्रा दिव्यांगत्वामुळं लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. कागद मागायचे नाहीत, आजार कोणता ते विचारायचं नाही, ‘करून दाखव’ म्हणायचं नाही. मला भीती वाटते किंवा ॲलर्जी आहे हे कारणही चालत नाही.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. कुत्रा आवरत नसेल किंवा त्यानं आत घाण केली, तर त्याला बाहेर न्यायला सांगता येतं. नुसत्या मायेसाठी, मन शांत राहावं म्हणून बाळगलेला कुत्रा यात धरत नाहीत, त्याला शिकवलेलं काम लागतं. २०११ पासून व्याख्येत फक्त कुत्राच आहे. (छोट्या जातीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे. खरंच आहे, हसू नका.) हे सगळं तिथल्या कायद्याचं, इथं लागू नाही. पण ते दोन प्रश्न उचलायला काय हरकत आहे?

---

प्रतिसाद – पांढरी काठी

मला दिसत नाही, मी हे फोनकडून वाचून घेतो आणि बोलून लिहितो, तेव्हा चुका पदरात घ्या. माझ्याकडे कुत्रा नाही, काठी आहे. पण परिचयातल्या एकांकडे होता, त्यामुळं थोडं कळतं.

ओळखायचं कसं म्हणालात. ती ताठ मूठ हीच खूण. साध्या पट्ट्यातून हाताला काही कळत नाही, मुठीतून कुत्रा वळला, थांबला, पायरी आली हे सगळं कळतं. मूठ हातात आहे तोवर तो कामावर आहे. त्याला हाक मारू नका, चुचकारू नका, शेव तर मुळीच टाकू नका. त्याचं लक्ष हललं की पडणार मालक.

दुसरं, बायकोला विचारू नका. “साहेबांना कोणता रंग दाखवू?” असं माझ्या शेजारच्याला विचारणारे दुकानदार मला रोज भेटतात. मला विचारा. साडी माझ्या हातात द्या, काठ कुठं सुरू होतो ते बोट ठेवून दाखवा, जरीकाम किती जड आहे ते मला हातानंच कळतं. बायकोसाठी घेतलेल्या दोन्ही साड्या मीच निवडल्यात, ती नावं ठेवते तो भाग वेगळा.

नानांवर रागावू नका. भीती खोटी नसते. फक्त दारात त्यांना उभं करू नका.

---

प्रतिसाद – मिसळ दोन पाव जास्त

पाटीवर लिहा, ‘शिस्तीत बसणाऱ्यांनाच प्रवेश’. मग कुत्रा आत आणि माझे साडू बाहेर.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. साडूंना आमच्याकडे सूट आहे.

काळा कोट साहेब, तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. परिशिष्ट ४ ऐकून स्वारी खूश झाली, पुढचं ऐकून गप्प. मधल्या दाराला कडी होती पण गेली दहा वर्षं लागली नव्हती, आज सुताराला बोलावून ती हलती केली.

पाटी काढली. आता दोन वेगळ्या केल्यात. भावाकडे: ‘खाद्यपदार्थांचे दुकान, पाळीव प्राणी आत आणू नयेत. मार्गदर्शक कुत्रा सोबत असल्यास हाक मारा, आम्ही बाहेर येऊ.’ माझ्याकडे: ‘पाळीव प्राण्यांना गादीवर प्रवेश नाही. दिव्यांग व्यक्तीच्या मार्गदर्शक कुत्र्याचे स्वागत आहे.’ रेडियमवाल्यानं ‘मार्गदर्शक’ची रफार दोनदा चुकवली, तिसऱ्यांदा मी शेजारी उभा राहिलो. आणि पांढरी काठी, पाटी दिसत नाही हे आता डोक्यात पक्कं आहे, म्हणून दारातल्या पोराला तोंडानं सांगायला शिकवलंय. ते दोन प्रश्नही त्याला पाठ करून घेतले.

शालू आमचाच म्हणाली होती, म्हणून रात्री जुनी बिलबुकं काढून बसलो. लग्नाच्या बस्त्याचं बिल सापडलं, वर तिच्या वडिलांचा नंबर. फोन केला, माफी मागितली. आधी दोन मिनिटं त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं, मग पत्ता विचारला तर म्हणाले, घरी कशाला येता, तीच येईल, जायच्या आधी सासूबाईंसाठी नऊवारी घ्यायचीच आहे. गुरुवारी सकाळी येताहेत, गर्दी नसते तेव्हा.

नानांना म्हटलं, गुरुवारी सुट्टी घ्या. ते नाही म्हणाले. माळ्यावर बसतो, वरून बघतो, जमलं तर उतरतो, असं ठरलंय.

आता शेवटची शंका. एवढ्या उन्हातून येणार, तर कुत्र्यासाठी पाण्याचं भांडं भरून दारातच ठेवू का? आई म्हणते स्टीलची परात ठेव.

---

प्रतिसाद – पांढरी काठी

ठेवा, पण वाटेत नको, मालकाचा पाय पडेल. आणि आधी त्यांना विचारा, कामाच्या वेळात देतात की नाही ते. नऊवारी दाखवताना काठ हातात द्यायला विसरू नका.