मदत हवी आहे: एकसमान ट्रॅफिकमध्ये अडॅप्टिव्ह राउटिंग मागे का पडते?

नमस्कार. सोलापुरात एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी समांतर संगणकांतील नेटवर्कचे सिम्युलेशन करीत आहे. जाळे ८×८ मेशचे, म्हणजे आठ ओळी व आठ स्तंभांत जोडलेल्या राउटरांचे असून स्विचिंग वर्महोल पद्धतीचे आहे, म्हणजे पॅकेटचे तुकडे एकामागोमाग अनेक राउटरांत पसरून पुढे सरकतात. प्रत्येक लिंकवर चार व्हर्च्युअल चॅनल (एकाच लिंकवरचे, स्वतंत्र बफर असलेले मार्ग) आहेत. त्यांपैकी एक दुआतो यांच्या १९९३ च्या सिद्धांतानुसार डेडलॉक (पॅकेट एकमेकांसाठी कायमची अडकून पडणे) टाळण्यासाठी एक्स-वाय मार्गाला (आधी आडवे, मग उभे जाण्याच्या ठरलेल्या मार्गाला) राखून ठेवला आहे, तर उरलेल्या तिन्हींवर पॅकेटला गर्दी पाहून कमीत कमी अंतराचा कोणताही मार्ग घेता येतो; हेच अडॅप्टिव्ह राउटिंग.

ट्रान्स्पोज ट्रॅफिकमध्ये (ओळ व स्तंभ यांची अदलाबदल करून येणाऱ्या जागी पॅकेट पाठवताना) निकाल अपेक्षेप्रमाणे येतो. एक्स-वाय राउटिंगमध्ये एका ओळीतील सगळी पॅकेट कर्णावरच्या एकाच राउटरपाशी वळतात, त्यामुळे तेथे बफर तुंबतात. अडॅप्टिव्ह राउटिंग ही कोंडी बरीच फोडते. एकसमान यादृच्छिक ट्रॅफिकमध्ये (कोणत्याही राउटरकडे सारख्याच शक्यतेने पॅकेट जाताना) मात्र साधे एक्स-वायच सरस ठरते आणि संपृक्ततेनंतर, म्हणजे जाळे आणखी भार पेलू शकत नाही तेव्हापासून, अडॅप्टिव्हचा थ्रूपुट (ठरावीक वेळात पोहोचणारी पॅकेट) स्थिर न राहता घसरतो.

माझा अंदाज असा की, राउटरला केवळ शेजारच्या बफरची क्रेडिट (रिकाम्या जागांची मोजणी) दिसतात, पुढची कोंडी दिसत नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतील गर्दीत मोकळी दिसणारी गल्ली पुढच्या चौकात तुंबलेली निघावी, तसेच हे. पण थ्रूपुट घसरण्याचे कारण एवढेच असेल, असे वाटत नाही.

संपृक्ततेनंतर बहुतेक पॅकेट राखीव चॅनलवर येऊन पडत असल्यास ते कसे मोजावे? नव्या पॅकेटच्या प्रवेशावर मर्यादा घालण्याचा उपाय कोणी वापरला असल्यास मर्यादा कशी ठरवली, हेही कृपया सांगावे.