बँजोवर 'शेडी ग्रोव्ह': सुरुवात कशी करू?

मीनल_क
मंडळी, मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. नुकताच पाच तारांचा, मागून उघडा असलेला बँजो घेतलाय (मिरवणुकीत कळा दाबून वाजवतात तो नव्हे). अ‍ॅपलाचियन डोंगरातलं 'शेडी ग्रोव्ह' हे लोकगीत स्वतः गात वाजवायचंय. हार्मोनियम बऱ्यापैकी येते. क्लॉहॅमर (नखाने तार वरून खाली मारायची पद्धत) शिकू की तीन बोटांची पद्धत? टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेली नोंद) बघून बसवू की कानाने?

जोगकंस
क्लॉहॅमर. तीन बोटांची पद्धत बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांनी १९४५ च्या सुमारास बिल मन्रो यांच्या बँडमधून गाजवली. ऐकायला अफाट, पण गाताना साथीला क्लॉहॅमरच गोड लागतो.

आधी तारा 'सॉमिल' नावाच्या लागणीत लावा. नेहमीच्या 'ओपन जी' लागणीतली दुसरी तार फक्त अर्धा स्वर चढवायची. तिसरी तार सा धरलात तर चौथी मंद्र प, दुसरी म, पहिली प आणि ती आखूड पाचवी तार सा. गंधार कुठेच नाही, म्हणून तो गूढ रंग येतो. चाल बरीचशी काफी थाटाजवळची. कोमल ग तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, कोमल नी पहिल्या तारेच्या तिसऱ्यावर. पाचव्या पडद्यावर दाबलेली पहिली तार मोकळ्या पाचवीशी जुळली की समजा, लागला.

आता उजवा हात. तर्जनीच्या नखाने तार वरून खाली मारायची, ओढायची नाही. ही एक मात्रा. मग नखानेच तारांवरून झटका आणि अंगठ्याने पाचवी, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे. खुबी अशी, की नख खाली येतं तेव्हाच अंगठा पाचवीवर टेकलेला हवा. हात वर उचलला की ती आपोआप सुटते. डावा हात न लावता हे चालू ठेवून गप्पा मारता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

रानवारा
टॅब ठेवा, पण अडलं तरच बघा. आधी चाल गळ्यात बसवा, हार्मोनियमवर काढा, मग बँजो. कडवी ठरलेली नाहीत. गाणारे आपापल्या पसंतीची जोडतात. शुद्ध गंधाराच्या चालीही मिळतील, तेव्हा एकच धरा. मी लोकगायक डॉक वॉटसन यांची सुचवेन, ते तुमच्याच राज्यातल्या डीप गॅपचे.

सौमित्र७
गायिका आणि बँजोवादक रिआनन गिडन्स जरूर ऐका. बँजो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या हातून अमेरिकेत घडला. सेनेगँबियातल्या जोला लोकांच्या अकॉन्टिंग या तंतुवाद्यावर नखाचा मार असाच खाली आणि अंगठ्याला आखूड तार. ते ऐकलं की मनगट कसं सैल सोडायचं ते उमगतं.

मीनल_क
खूप आभार! सॉमिल लागलं. पण फिडलवाले (व्हायोलिनवाले) हे 'ए' (A) पट्टीत वाजवतात म्हणे?

जोगकंस
हो. दुसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि पाचवी तारही एक पूर्ण स्वर चढवा. सातव्या पडद्यापाशी छोटा खिळा असेल तर त्याखाली अडकवा, तार ताणायची गरज नाही. हे बसलं की याच लागणीत क्लॅरेन्स अ‍ॅशली यांचं १९२९ चं 'कू कू बर्ड' घ्या.