थंड आउटबोर्ड सुरू होईना, म्हणून लगेच कार्बोरेटर उघडायचा का?

गोदाकाठ

माझं मत आधीच सांगून टाकतो. रात्रभर पडून राहिलेलं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बसवायचं इंजिन, सकाळी दोरीला दाद देत नसेल, तर हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला सगळ्यात शेवटी हात लावावा. नाशकात नेमकं उलटं चालतं. इंजिन गॅरेजवर नेलं की पहिला पाना कार्बोरेटरच्या बोल्टवर. जेट (पेट्रोल येण्याची बारीक छिद्रं) फुंकले, बिल दिलं, चार दिवस बरं चाललं, की पुन्हा तेच रडगाणं.

ज्या इंजिनाबद्दल बोलतोय ते 40 हॉर्सपॉवरचं, टू स्ट्रोक, दोरीवर सुरू होणारं. बोट गंगापूर धरणाकडे असते. सकाळी हात भरून येईपर्यंत दोरी ओढावी लागते आणि एकदा पेटलं की दिवसभर एका ओढीत सुरू. संथ गतीला बंद पडत नाही, रेस दिली तर गुदमरत नाही. जेट तुंबलेले असते तर हे इंजिन दुपारीही रडलं असतं. म्हणजे दोष फक्त थंड असताना लागणाऱ्या गोष्टींत आहे. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरू करताना हवेच्या मानाने पेट्रोल जास्त द्यावं लागतं. ते देतो चोक, आणि चोकचाही उपयोग तेव्हाच, जेव्हा कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल भरून आलेलं असतं.

आधी सोप्या गोष्टी. किल स्विचची क्लिप जागेवर आहे ना, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना. मग पेट्रोलच्या पाइपातला रबरी पंप हातात घ्या. त्यावरचा बाण वर, म्हणजे इंजिनाकडचं तोंड आकाशाकडे करून दाबत राहा. दोन-चार दाबांत तो घट्ट होऊन दबेनासा झाला पाहिजे. तसाच सोडा आणि थोड्या वेळाने पुन्हा चाचपा. मऊ पडला असेल तर पेट्रोल मागे टाकीत उतरतंय, नाहीतर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळतेय. कितीही दाबला तरी घट्टच होत नसेल, तर बहुतेक वेळा पंपातला व्हॉल्व्ह गेलेला असतो किंवा कनेक्टरच्या ओ रिंगमधून हवा आत येत असते. दोन्ही वस्तू किरकोळ किमतीच्या आहेत.

हे सगळं ठीक असेल तर चोक पूर्ण ओढून चार-पाच वेळा दोरी मारा आणि लगेच प्लग काढा. बोट लावून बघा. टोक कोरडं खडखडीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही: पंप, पाइप, चोकची पट्टी. ओलं असेल, वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय: प्लगची ठिणगी, म्हणजे करंट बघा, नाहीतर पेट्रोल जास्त होऊन ओव्हर झालंय. ओव्हर झालं असेल तर चोक आत ढकलायचा, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि दोरी ओढत राहायचं. एवढ्यात निम्मा शोध लागतो, आणि त्यासाठी प्लगच्या पान्याशिवाय काहीही लागत नाही.

सातपूरचा मिस्तरी

भाऊ, लिहिलंय व्यवस्थित, पण निष्कर्ष पटला नाही. गॅरेजवाल्यांनी उगाच कार्बोरेटर उघडायची सवय लावून घेतलेली नाही. घाण निघते म्हणूनच तो उघडतात.

संथ गतीचा जेट काढून कधी उजेडासमोर धरलाय? सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. जुन्या पेट्रोलचा पिवळसर चिकट थर कडेने बसला की ते छिद्र निम्मं होतं, बंद होत नाही. गरम इंजिन निम्म्या पेट्रोलवर चालतं, थंड इंजिन चालत नाही. तुमचं दुपारचं इंजिन बरं चालतं म्हणून जेट स्वच्छ आहे, हे तर्कशास्त्र इथेच फसतं. शिवाय माझ्याकडे येणाऱ्या इंजिनांत कुणीतरी कार्बोरेटरवरचा हवेचा स्क्रू आधीच फिरवून ठेवलेला असतो. तुंबलेल्या जेटची भरपाई त्या स्क्रूवर केलेली असते, म्हणून संथ गती छान वाटते. स्क्रू पुस्तिकेतल्या मापावर आणा, मग बघा थरथर येते की नाही.

हां, नुसता फुंकलेला कार्बोरेटर म्हणजे साफ केलेला कार्बोरेटर नव्हे, हे मान्य. जेट सुटे करून क्लीनरमध्ये बुडवून ठेवावे लागतात. ते न करता बिल लावणारे आहेत, त्यांचा राग माझ्या कामावर काढू नका.

निफाडकर

दोघेही मूळ मुद्दा सोडताय. पेट्रोलच बदललंय. 2022 मध्ये देशभर 10 टक्के इथेनॉल झालं, 2025 मध्ये 20 टक्के. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे, जुन्या इंजिनांच्या रबरी पाइपांना तर तेवढंही सोसत नाही. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा 5-6 अंशांवर येतो. तिथे ती उष्णता कुठून आणायची? शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणजे त्याच जेटमधून येणारं मिश्रण मुळातच पातळ, हवेच्या मानाने इंधन कमी. इंजिनाचा दोष नाही, कार्बोरेटरचाही नाही आणि पंपाचाही नाही.

गोदाकाठ

निफाडकर, मिश्रण पातळ पडतं हे खरं, पण त्यासाठीच चोक आहे. सगळा दोष इथेनॉलचा असता तर ताजं पेट्रोल भरल्यावरही इंजिनाने तसाच त्रास दिला असता. आमच्या काठावर दिसतं ते वेगळंच. ताज्या पेट्रोलवर बऱ्यापैकी सुरू होतं, महिनाभर टाकीत पडलेल्यावर अजिबात नाही. कारण साधं आहे. हवेचा स्क्रू उघडा राहिलेल्या टाकीतून सगळ्यात आधी पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, आणि थंड इंजिन पेटतं ते त्या हलक्या भागावरच. उरलेलं जड पेट्रोल गरम इंजिनाला चालतं.

पाण्याचा मुद्दा मात्र मोठा आहे, तो तुम्ही लिहिला नाहीत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवली की तळाला पाणी आणि इथेनॉल वेगळं बसतं. इंजिनाला जाणारी नळी नेमकी तळाला असते. काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचं पेट्रोल काढून रात्रभर ठेवा, सकाळी रेघ दिसली तर ते इंजिनात घालू नका.

मिस्तरी, कार्बोरेटरच्या हवेच्या स्क्रूचा मुद्दा मी तपासणार आहे. तो मला खरंच महत्त्वाचा वाटला.

पाथर्डीफाटा

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. हवा विरळ, त्यामुळे इंजिन जड सुरू होतं. मुंबईला हीच इंजिनं झटक्यात सुरू होतात.

सातपूरचा मिस्तरी

विरळ हवेत त्याच जेटने पेट्रोलचं प्रमाण उलट वाढतं, म्हणजे थंड इंजिनाला ते सोयीचंच. मुंबईला झटक्यात सुरू होतात कारण तिथे जानेवारीची सकाळसुद्धा आपल्या पंचवटीइतकी गार नसते.

जुनं लोखंड

उंचीचा परिणाम कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबावर होतो, तो थोडा असतो, पण मुळात झिजलेल्या इंजिनाला तोही जड जातो. आणि कॉम्प्रेशनबद्दल इथे अजून कुणी शब्द काढलेला नाही, याचं नवल वाटतं.

आपल्याकडची निम्मी आउटबोर्ड किनारपट्टीवरून जुनी म्हणून आलेली. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं चाललेली. त्यांच्या पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. थंड असताना कॉम्प्रेशन कमी, गरम झाल्यावर धातू फुगतो, तेल पसरतं, रिंग बसते आणि इंजिन एका ओढीत सुरू. गोदाकाठ यांनी दिलेलं लक्षण अक्षरशः हेच आहे! कॉम्प्रेशन मोजायचा गेज लावा, दोन्ही सिलिंडर मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. दोघांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर पंप आणि जेटची चर्चा तिथेच थांबवा. नंतर मिश्रण आत घेणारा रीड व्हॉल्व्ह बघा. त्याच्या पातळ पट्टीचा कोपरा तुटला की दोरीच्या संथ ओढीत मिश्रण मागे फेकलं जातं, वेगात मात्र ते जाणवतही नाही.

जुनं इंजिन विकत घेताना विक्रेता ते आधी गरम करून ठेवतो. हात लावून बघावं, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावं.

गोदाकाठ

गेज लावायला माझा विरोध नाही. क्रमाला आहे. रबरी पंप फुकटात तपासून होतो, रिंगांसाठी इंजिन खोलावं लागतं.

जुनं लोखंड

गेज लावायला इंजिन खोलावं लागत नाही. प्लग काढायला तुम्हीच सांगितलंय, त्याच भोकात गेज बसतो. पाच मिनिटांचं काम.

देवगडहून नाशिकरोड

किनारपट्टीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. तिकडून आलेल्या इंजिनांत रॉकेलवर चालणारी बरीच असतात. ती पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाली की रॉकेलवर घ्यायची आणि बंद करण्याआधी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवायची, म्हणजे उद्यासाठी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरतं. माझे काका हे कधी चुकवत नसत. इथे लोक रॉकेलवरच बंद करतात आणि सकाळी दोरी ओढत बसतात. त्या इंजिनाला ना पंप बदलून उपयोग, ना जेट साफ करून. जुनं इंजिन घेतलं असेल तर आधी ते कुठल्या इंधनाचं आहे ते बघा.

रामकुंड परिसर

मी पूरकाळात बोटीवर काम करणाऱ्या मुलांसोबत असतो. आम्हाला हा प्रश्न थंडीत नाही, ऑगस्टमध्ये पडतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पूर्ण पाण्याखाली गेला होता, ते दिवस आठवा. अशा वेळी जे इंजिन बाहेर काढतात ते महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली झाकून पडलेलं असतं. हवा 24-25 अंश असली तरी इंजिन थंडच, आणि आतलं पेट्रोल मागच्या वर्षीचं. 2027 मध्ये सिंहस्थ आहे, पर्वण्या ऐन पावसाळ्यात. घाटाघाटावर बोटी असतील. तेव्हा कार्बोरेटर आधी की प्लग आधी, हा वाद घालायला कुणाला वेळ नसेल.

माझं म्हणणं असं की या चर्चेतला प्रत्येक बिघाड इंजिन पडून राहिल्याने होतो किंवा वाढतो. दर आठवड्याला पिंपात पाणी भरून इंजिन पंधरा मिनिटं चालवा, तेही पूर्ण थंड असताना सुरू करून. ज्या आठवड्यात जास्त ओढी लागल्या त्याच आठवड्यात दुरुस्ती. वहीत लिहून ठेवा. पाण्याशिवाय मात्र सुरू करू नका, इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणारा इम्पेलर जळतो आणि ते पुराच्या पाण्यात गेल्यावरच कळतं.

सातपूरचा मिस्तरी

शंभर टक्के सहमत. त्यात एक भर घाला. चालवून झाल्यावर पाइप काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. आत पेट्रोल उरलं नाही की थर बसायचा प्रश्नच नाही.

रामकुंड परिसर

तातडीच्या बोटीला ते मी करू देणार नाही. कोरडा कार्बोरेटर म्हणजे ऐन वेळी पंप मारत बसणं, आणि अंधारात घाईत नवखा मुलगा पंप आडवा धरून दोनदा दाबतो आणि दोरीला लटकतो. शिवाय तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, पेट्रोल संपताना तेलही संपतं. आठवड्याला चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल राहू द्यावं. हंगाम संपल्यावर, महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तेव्हा खालच्या स्क्रूतून काढून टाकावं.

धरणाचं पाणी पिणारा

मूळ प्रश्न टू स्ट्रोक का वापरायचं हा आहे. गंगापूरचं पाणी शहर पितं. कार्बोरेटरवालं टू स्ट्रोक आपल्या इंधनाचा मोठा हिस्सा, चौथ्या हिश्श्याच्या आसपास, न जळताच बाहेर टाकतं, आणि तो थेट पाण्यात जातो. थंड इंजिन चोकवर ओढत बसलात की आणखी जास्त. ज्या काठावर तुम्ही हात दुखेपर्यंत दोरी ओढता तिथे पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसतो, तो कुणीच इथे लिहिला नाही. फ्युएल इंजेक्शनचं फोर स्ट्रोक घ्या, किल्ली फिरवा, विषय संपला. छोट्या बोटीला विजेची मोटरही पुरते.

जुनं लोखंड

तवंगाचं दुखणं खरं आहे, पण विषय संपत नाही. कार्बोरेटरच्या बऱ्याच फोर स्ट्रोकना आपोआप चालणारा चोक असतो. आत मेणाची डबी, विजेने तापली की मेण फुगतं आणि दांडा पुढे सरकून जादा पेट्रोल बंद करतो. तो दांडा पुढेच अडकला की थंडीत सुरू व्हायचं नाव नाही, आणि ओढायला हाताशी चोकही नाही. इंजेक्शनवाल्याला बॅटरी तगडी लागते. पडून राहिलेल्या बोटीची बॅटरी कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे.

धरणाचं पाणी पिणारा

बॅटरी चार्ज करता येते. पाण्यात गेलेलं तेल परत काढता येत नाही.

गोदाकाठ

या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते आहे असं भासवणारही नाही. नवीन इंजिनाचे पैसे जमेपर्यंत निदान जुनं कमी ओढींत सुरू झालं तर पाण्यात कमी जाईल, एवढं तरी करू.

मिस्तरी, एक विचारायचं होतं. गॅरेजवर येणारं इंजिन सकाळी काठावर कसंबसं सुरू करून, थोडं चालवून मगच टेम्पोत चढवलेलं असतं. तुमच्या हातात येतं तोवर ते गरम असतं. थंडीतला दोष तुम्हाला दिसणार कसा?

सातपूरचा मिस्तरी

हेच मी प्रत्येकाला सांगतो, कुणी ऐकत नाही. शनिवारी संध्याकाळी आणून ठेवा. रात्रभर अंगणात उघड्यावर राहू दे. रविवारी सकाळी सहाला या, तुमच्यासमोर पहिली ओढ मारू. पिंप भरून ठेवतो, गेजही आणून ठेवतो.

गोदाकाठ

येतो. टाकी आणि पाइपही सोबत आणतो, तुमची टाकी लावली तर माझा पंप तपासलाच जाणार नाही. चोकवर चार ओढी झाल्या की प्लग तुम्हीच काढा. ओला निघाला, करंट नीट असला आणि गेजने दोन्ही सिलिंडर सारखे दाखवले, तर कार्बोरेटर उघडा, माझी काही हरकत नाही.