[मंडळ] पार्किंग लॉटमध्ये गाडीला ठोकर, समोरचे गृहस्थ आता फिरले – क्लेम कुठे करू?

प्रेषक: वैशाली

नमस्कार मंडळी,

शनिवारी दुपारी इथे कॅलिफोर्नियात दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीला ठोकर बसली. मी दोन रांगांमधल्या लेनमधून सावकाश सरळ जात होते. उजवीकडच्या जागेतून एक एसयूव्ही रिव्हर्स घेत बाहेर आली आणि माझ्या मागच्या दारावर आदळून घासत गेली. कुणाला लागलं नाही. गृहस्थ उतरले, ‘सॉरी, दिसलंच नाही’ म्हणाले. एकमेकांच्या लायसन्स-इन्शुरन्सचे फोटो घेतले आणि निघालो. पोलिसांना फोन केला होता, पण कुणी जखमी नाही आणि जागा खाजगी, त्यामुळे ते आले नाहीत.

सोमवारी त्यांच्या इन्शुरन्स कंपनीच्या ॲडजस्टर (क्लेम तपासून कुणाची किती चूक, किती पैसे हे ठरवणाऱ्या) बाईंचा फोन आला. गृहस्थ आता म्हणतात की त्यांची गाडी बाहेर येऊन थांबलेली होती आणि मीच वेगात येऊन घासले! ‘पार्किंग लॉट आहे, ५०-५० करून टाकू’ असं बाईंचं म्हणणं, आणि माझं रेकॉर्डेड स्टेटमेंट पण हवंय.

बॉडी शॉपचं एस्टिमेट २,८०० डॉलर, माझं डिडक्टिबल (दुरुस्तीत आपण स्वतः भरायचा वाटा) १,०००. एक मैत्रीण म्हणते पार्किंगमध्ये कायद्यानेच ५०-५० असतं. दुसरी म्हणते स्वतःच्या कंपनीला अजिबात कळवू नकोस, प्रीमियम वाढतो. कुणाला अनुभव आहे का?

वैशाली

प्रेषक: निखिल

वैशाली, ५०-५० ला मुळीच हो म्हणू नकोस. ‘सॉरी’ म्हणाला म्हणजे चूक कबूल केली ना? आणि तुझ्या कंपनीला या भानगडीत ओढूच नकोस. त्याच्याच कंपनीकडून पूर्ण पैसे वसूल कर. आमच्याकडे असंच झालं होतं, शेवटपर्यंत ताणून धरलं तेव्हा कुठे दिले.

निखिल

प्रेषक: श्रीकांत

वैशाली,

कॅलिफोर्नियात क्लेम्सच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वकील नव्हे, एवढं लक्षात असू दे.

आधी ते काम, जे कुणीच सांगत नाही आणि ज्याला मुदत आहे. नुकसान १,००० डॉलरच्या वर असेल किंवा कुणालाही इजा झाली असेल, तर १० दिवसांच्या आत डीएमव्हीकडे (राज्याचं वाहन-लायसन्स खातं) एसआर-१ हा अपघात कळवण्याचा फॉर्म भरावा लागतो. चूक कुणाचीही असो, जागा खाजगी असो, पोलीस आले असोत वा नसोत. कंपनीला कळवलं म्हणजे डीएमव्हीला कळलं, असं नाही. तुझा एजंट तुझ्या वतीने भरू शकतो, पण भरला की नाही ते त्याला विचारून घे. न भरल्यास लायसन्स सस्पेंड होऊ शकतं. शनिवारपासून दिवस मोज.

आता ५०-५०. पार्किंग लॉटमध्ये आपोआप निम्मी-निम्मी चूक असा कुठलाही कायदा नाही. कॅलिफोर्नियात ‘प्युअर कंपॅरेटिव्ह फॉल्ट’ चालतं, १९७५ पासून. म्हणजे चूक टक्क्यांत वाटली जाते आणि आपल्या वाट्याचे टक्के वजा करून बाकीचे पैसे समोरच्याकडून मिळतात. ८०-२० होऊ शकतं, १००-० सुद्धा. जागेतून मागे येणाऱ्याने रस्ता मोकळा आहे ना हे बघूनच यायचं असतं, त्यामुळे सुरुवातीला पारडं तुझ्याच बाजूने झुकलेलं आहे. ‘पार्किंग म्हणजे ५०-५०’ हे ॲडजस्टरच्या सोयीचं वाक्य आहे. दोन माणसं दोन गोष्टी सांगतायत, साक्षीदार नाही, टेबलावर फायलींचा ढीग, मग असं म्हटलं की फाईल बंद होते.

निखिल, ‘सॉरी’वर फार भिस्त ठेवू नकोस. तो शब्द कुठे लिहिलेला नाही, रेकॉर्ड केलेला नाही. या केसमध्ये बोलेल तो पत्रा. वैशाली, मागच्या दारावरचा ओरखडा नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते नीट बघून कळव. आणि जागेवर काढलेले फोटो आहेत का? फक्त लायसन्सचे नाही, गाड्यांचे.

रेकॉर्डेड स्टेटमेंटबद्दल: स्वतःच्या कंपनीला सहकार्य करणं पॉलिसीप्रमाणे तुझ्यावर बंधनकारक आहे. समोरच्या कंपनीला स्टेटमेंट देण्याचं तसं बंधन नाही. नम्रपणे सांग, ‘माझ्या कंपनीशी बोला,’ आणि क्लेम नंबर दे. म्हणजेच आधी स्वतःच्या कंपनीत क्लेम उघड.

श्रीकांत

प्रेषक: निखिल

काका, तुमचा मान राखून बोलतो, पण स्वतःच्या कंपनीला सांगितलं की रिन्यूअलला दणका बसतोच. सगळ्यांचा अनुभव आहे हा.

प्रेषक: वैशाली

काका, मनापासून धन्यवाद. एसआर-१ चं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

ओरखडा उजव्या मागच्या दाराच्या साधारण मध्यावर सुरू होतो. तिथे खोल पोचा आहे, मुठीएवढा. तिथून तो मागे चाकाच्या वरच्या पत्र्यापर्यंत जातो आणि मागे जाता जाता फिका होत गेलाय. पुढचा बंपर, पुढचं दार एकदम स्वच्छ. आणि हो, नवऱ्याने एक फोटो लांबून काढला होता. त्यात त्यांची गाडी अजून अर्धी पार्किंगच्या पट्ट्यांच्या आत आहे आणि पुढची चाकं वळलेली दिसतात.

प्रेषक: श्रीकांत

वैशाली, तो लांबून काढलेला फोटो हीच तुझी केस आहे. नवरोबांना माझ्यातर्फे चहा.

पत्रा काय सांगतो बघ. तू त्यांच्यावर जाऊन आदळली असतीस तर तुझा पुढचा बंपर किंवा पुढचा कोपरा चेपला असता. तो स्वच्छ आहे. तुझी निम्मी गाडी पुढे निघून गेल्यावर त्यांच्या बंपरचा कोपरा दारात घुसला. म्हणून तिथे पोचा खोल, आणि तुझी गाडी पुढे सरकत राहिली म्हणून ओरखडा मागे मागे फिका होत गेला. थांबलेल्या गाडीला तू नुसती घासून गेली असतीस तर एवढा खोल पोचा एकाच जागी कशाला पडेल? शिवाय ‘बाहेर येऊन थांबलो होतो’ म्हणणाऱ्याची गाडी पट्ट्यांच्या आत कशी?

पण हुरळून जाऊ नकोस. त्याच ओरखड्यावरून हेही दिसतं की तू चालत होतीस. ‘मागे येणारी गाडी दिसली नाही का, हॉर्न का नाही दिला,’ हे विचारलं जाणारच, आणि ते योग्यच आहे. निकाल ८०-२० किंवा ९०-१० आला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आजच कर असं एक काम: दुकानाच्या मॅनेजरला ईमेल करून त्या वेळेचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांग. तारीख, वेळ, कुठली रांग, सगळं लिही. तुझ्या हातात ते देणार नाहीत बहुधा, पण तुझ्या ॲडजस्टरने मागेपर्यंत पुसलं जाता कामा नये. ही रेकॉर्डिंग्ज बरेचदा काही दिवसांत आपोआप पुसली जातात. गाडीत डॅशकॅम असेल तर त्याचं कार्डही काढून ठेव, तेसुद्धा स्वतःवरच पुन्हा लिहीत जातं.

आता निखिलचा मुद्दा, कारण घोळ इथेच होतो. कॅलिफोर्नियात अपघातामुळे प्रीमियम चढवायचा तर ड्रायव्हर ‘प्रिन्सिपली ॲट फॉल्ट’ ठरावा लागतो, म्हणजे चूक किमान ५१ टक्के त्याची. ५० टक्क्यांना ते लागू होत नाही. कंपनीने तुला ५१ किंवा जास्त धरलंच, तर तसं कारणासकट लेखी कळवावं लागतं आणि फेरविचार मागायचा तुला हक्क आहे. १९८८ च्या प्रपोझिशन १०३ ने (मतदारांनी मंजूर केलेला इन्शुरन्सचा कायदा) आलेला ‘गुड ड्रायव्हर’चा किमान २० टक्क्यांचा डिस्काउंटही नुसता क्लेम केला म्हणून जात नाही. रिन्यूअलला दणका बसतो हे खरं, पण अलीकडे तो सगळ्यांनाच बसतोय, ज्यांनी काचसुद्धा बदलली नाही त्यांनाही.

आणि न कळवून लपतं का? त्या गृहस्थांनी आपल्या बंपरचे पैसे मागितले की त्यांची कंपनी तुझ्या कंपनीच्याच दारात जाणार. तेव्हा ‘आम्हाला का नाही सांगितलं’ हे ऐकण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

हिशोब मांडतो. तुझ्याकडे कोलिजन कव्हरेज (टकरीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आहे असं धरतो, कारण डिडक्टिबल त्याचंच असणार. तुझी कंपनी १,८०० देते, तू १,००० भरतेस, गाडी दुरुस्त. मग तुझी कंपनी समोरच्या कंपनीकडून वसुली करते, त्याला सब्रोगेशन म्हणतात. त्या मागणीत तुझं डिडक्टिबल धरणं तिला नियमानेच भाग आहे, आणि जे वसूल होईल त्यातला तुझा हिस्सा तुला परत मिळतो. ८०-२० ठरलं तर साधारण ८०० परत. ५०-५० ठरलं तर ५००. दोन्ही कंपन्यांचं एकमत झालं नाही तर प्रकरण बहुतेक वेळा त्यांच्या आपसातल्या लवादाकडे जातं. तिथे कागद आणि फोटो बघून निर्णय होतो, तुला हजर राहावं लागत नाही.

उलट निखिलच्या मार्गाने फक्त त्यांच्याच कंपनीकडे गेलीस तर डिडक्टिबल भरावं लागत नाही, हे खरं. पण ती कंपनी ५० वर अडून बसली तर १,४०० देऊन हात झटकणार, आणि तोवर दार तसंच. मग पुढे स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट: १२,५०० डॉलरपर्यंत, वकिलाशिवाय, दावा ड्रायव्हरवर करायचा, कंपनीवर नाही. फी ३० ते ७५ डॉलर. मालमत्तेच्या नुकसानीसाठी ३ वर्षांची मुदत असते, त्यामुळे तो दरवाजा लगेच बंद होत नाही. पण तिथे जायची वेळ यावी असं मला वाटत नाही.

थोडक्यात, ५०-५० आणि ८०-२० यांत तुझ्या खिशाला फरक पडतो तो ३०० डॉलरचा. भांड, जरूर भांड, पण फोटो तुझ्या ॲडजस्टरला देऊन त्यांना भांडू दे. त्यांचे १,८०० अडकलेत.

श्रीकांत

प्रेषक: निखिल

५१ चं माहीत नव्हतं. पण काका, तत्त्वाचा प्रश्न आहे हो. खोटं बोलणारा माणूस निम्म्यात सुटणार?

प्रेषक: श्रीकांत

तत्त्वासाठी स्मॉल क्लेम्स आहेच. सुट्टी टाकून जा, मी सोबत येतो, पार्किंग तुझ्याकडे.

प्रेषक: लिस्ट व्यवस्थापक

मंडळी, चर्चा चांगली चालली आहे. फक्त दोन विनंत्या: समोरच्या व्यक्तीचं नाव, गाडीचा नंबर, पॉलिसी नंबर लिस्टवर टाकू नका, आणि फोटो ॲटॅचमेंट म्हणून पाठवू नका, सगळ्यांचे मेलबॉक्स भरतात. (वैशाली, तुझा मेल अडवून ठेवलाय, म्हणून सांगतोय.)

प्रेषक: वैशाली

क्षमस्व! फोटो काकांना वेगळा पाठवते.

अपडेट: माझ्या कंपनीत क्लेम उघडला, एसआर-१ भरला, मॅनेजरला ईमेल गेली. त्या बाईंचा परत फोन आला होता, त्यांना क्लेम नंबर देऊन मोकळी झाले. आमची कंपनी म्हणते त्यांच्याच यादीतल्या बॉडी शॉपमध्ये गाडी न्या, काम लवकर होईल. जाऊ का?

प्रेषक: श्रीकांत

सुचवू शकतात, सक्ती करू शकत नाहीत. दुकान तुझ्या पसंतीचं. भाड्याची गाडी हवी असेल तर पॉलिसीत रेंटल घेतलंय का ते आधी बघ. नसेल तर तो खर्च समोरच्या कंपनीकडे मागता येतो, टक्केवारीच्या हिशोबाने, म्हणून पावत्या ठेव. क्लेमची पोच कंपनीने १५ दिवसांत द्यायची असते, आणि तू पुरावे दिल्यापासून ४० दिवसांत हो किंवा नाही सांगायचं असतं. जास्त वेळ हवा असेल तर लेखी कारण. टोलवाटोलवी झाली तर राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे ऑनलाइन तक्रार करता येते. नुसता उल्लेख केला तरी बरेचदा फोन येतो, असा आमच्या ऑफिसातला अनुभव.

प्रेषक: प्राजक्ता

मध्येच बोलते. वैशाली, तुझा छोटा मुलगा गाडीत होता का? आणि त्याची कार सीट (मुलांना बांधून बसवायची सुरक्षा सीट) कुठल्या बाजूला होती?

प्रेषक: वैशाली

होता ना. उजवीकडेच, त्याच दारापाशी. पण त्याला काहीच झालं नाही, सीटलाही ओरखडासुद्धा नाही.

प्रेषक: प्राजक्ता

मग ती सीट आता वापरू नकोस. वाहतूक सुरक्षेची केंद्रीय संस्था एनएचटीएसए किरकोळ अपघातानंतर सीट बदलायलाच हवी असं म्हणत नाही, पण ‘किरकोळ’ म्हणायला सगळ्या अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: गाडी चालवत नेता आली, कुणाला इजा नाही, एअरबॅग उघडली नाही, सीटवर दिसण्यासारखं नुकसान नाही, आणि सीटच्या जवळच्या दाराचं नुकसान नाही. तू शेवटच्या अटीत अडकतेस. उत्पादकाचं मॅन्युअलही बघ, काही कंपन्या कुठल्याही अपघातानंतर बदलायला सांगतात.

पैशांची काळजी नको. कॅलिफोर्नियात अपघाताच्या वेळी मूल बसलेलं असेल तर कार सीटची भरपाई क्लेममध्येच येते, आणि सीट होती का हे विचारणं ॲडजस्टरचं काम आहे. आमच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, मी आपणहून सांगितलं आणि पैसे मिळाले. सीटच्या खालच्या लेबलचा फोटो काढ, मॉडेल नंबर आणि उत्पादनाची तारीख दिसली पाहिजे, आणि खरेदीची पावती शोध. जुनी सीट टाकायच्या आधी पट्टे कापून टाक, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही. पण ॲडजस्टरने ‘चालेल’ म्हटल्याशिवाय कापू नकोस, कधीकधी त्यांना ती बघायची असते.

प्रेषक: वैशाली

बाप रे. लगेच फोन करते. तोवर कुणाकडे जास्तीची कार सीट असेल, ४ वर्षांच्या मुलासाठी, मुदत न संपलेली, तर कृपया मला वेगळा मेल करा. आठवडाभर पुरे.