अतिवृष्टीच्या मदतीचा दर: विधानसभेत ठरावा की शासन निर्णयाने?

(ही चर्चा आहे; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

बांधमोजणी

नागपूरचं हिवाळी अधिवेशन (८ ते १४ डिसेंबर २०२५) आटोपलं. अतिवृष्टीवर बोलणाऱ्यांची कमतरता नव्हती, पण मदतीचा दर किती असावा यावर मतदान मात्र झालं नाही. तसं ते कधीच होत नाही. दर शासन निर्णयाने ठरतो, पैसे वाटायला सुरुवात होते आणि मग पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पाबाहेरच्या वाढीव खर्चाच्या मंजुरीत) तो खर्च सभागृहापुढे येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की खरिपाच्या आधी, मार्चच्या अधिवेशनात, दराचा तक्ता सभागृहाने मंजूर करावा आणि तो वर्षभर खाली येऊ नये.

कारण बघा. १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जिरायतीला हेक्टरी १३,६००, बागायतीला २७,००० आणि बहुवार्षिक पिकांना ३६,००० रुपये मिळत होते, ३ हेक्टरच्या मर्यादेत. ३० मे २०२५ ला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, ते दर ८,५००, १७,००० आणि २२,५०० वर आणले आणि मर्यादा २ हेक्टर केली. सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणा या नद्या पात्र सोडून वाहिल्या. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज आलं: जिरायत १८,५००, हंगामी बागायत २७,०००, बागायत फळपिकं ३२,५००. मर्यादा पुन्हा ३ हेक्टर.

आता हे आकडे २०२४ च्या शेजारी ठेवा. जिरायतीला ४,९०० जास्त, बागायतीला होते तेवढेच, फळबागवाल्याला ३,५०० कमी! शिवाय प्रत्येक दरातले १०,००० हे पीक नुकसानीचे नसून रब्बीच्या बियाण्यासाठी वेगळे. पिकाचा मूळ दर ३० मेचाच राहिला. पुढच्या जूनमध्ये ढगफुटी झाली तर हे १०,००० गृहीत धरायचे का? सांगा कुणीतरी.

तिजोरीची बाजू

दर कमी केले म्हणून ओरड आहे, पण ८,५००–१७,०००–२२,५०० हे केंद्राच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष आहेत. त्या निधीत ७५ टक्के केंद्राचे, २५ टक्के राज्याचे. निकषाच्या वर दिलेला प्रत्येक रुपया पूर्ण राज्याचा. पॅकेजच्या वेळी बाधित क्षेत्र ६८ लाख हेक्टरच्या पुढे सांगितलं होतं. हेक्टरी १,००० वाढवले की ६८० कोटी गेले. १९ ऑक्टोबरला केंद्राने दुसऱ्या हप्त्याचे महाराष्ट्राला १,५६६.४० कोटी दिले, त्यात ६८ लाख हेक्टरला हेक्टरी जेमतेम २,३०० बसतात.

मार्चमध्ये क्षेत्र माहीत नसतं. मग तरतूद कशाच्या आधारावर करायची? आणि सभागृहात दर खाली आणा म्हणणारा आमदार दाखवा. सगळे बोली वाढवणार, शेवटी अर्थमंत्री वाईट ठरणार. दुसरं म्हणजे, ऑक्टोबरात मंत्रिमंडळाने बैठकीत दर वाढवले. तक्ता सभागृहाने बांधला असता तर त्या वाढीसाठी डिसेंबरची वाट बघावी लागली असती. दिवाळी अंधारात गेली असती, त्याचं काय?

बांधमोजणी

तक्ता म्हणजे किमान, कमाल नव्हे. वाढवायला कुणी अडवलेलं नाही, मंत्रिमंडळाने खुशाल वाढवावं. फक्त कमी करायचं असेल तर सभागृहात या आणि कारण सांगा. हे नवीनही नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम १९ राज्य प्राधिकरणाला मदतीचे निकष ठरवायला सांगतं आणि ते राष्ट्रीय किमान निकषांच्या खाली नसावेत असंही म्हणतं. केंद्र–राज्यात जे तत्त्व चालतं, ते मंत्रिमंडळ–विधिमंडळात का नको?

आणि ८,५०० म्हणजे किती ते पण बघू. हेक्टरी ८,५०० म्हणजे गुंठ्याला ८५–८६ रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८, म्हणजे दीड क्विंटलच्या थोडं वर. कर्नाटकाने सप्टेंबरअखेर केंद्राच्या निकषावर सरसकट ८,५०० चढवले: जिरायत १७,०००, बागायत २५,५००, बहुवार्षिक ३१,०००. पंजाबने ७५ टक्क्यांवर नुकसानीला एकरी २०,००० जाहीर केले. दोन्हीकडे दर शासनानेच ठरवला हे मान्य, पण पेरणीच्या तोंडावर दर खाली आणण्याचा उद्योग तिथे नव्हता.

मंडळ ६५

दोघंही दराला धरून बसलात. पैसा दरात अडत नाही, यादीत अडतो.

२४ तासांत महसूल मंडळात (काही गावांचा मिळून एक गट) ६५ मिमी पाऊस झाला की अतिवृष्टी. पर्जन्यमापक मंडळाच्या गावात, पाणी मात्र वरच्या धरणातून सोडलेलं आणि नदीकाठच्या गावात शिरलेलं. मापकात ४० मिमी. पुराच्या पाण्याने गेलं तरी मदत मिळते, पण पंचनाम्यात कारण ‘पूर’ असं लिहिलं पाहिजे. ‘अतिवृष्टी’ लिहिलं की तपासणीत मंडळाचा आकडा पुढे येतो आणि तो जमिनीचा गट बाद.

पंचनामा तिघांचा: ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर हवं. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद नसेल तर ठिबक डोळ्यांसमोर असूनही गट जिरायतीत, म्हणजे मूळ दरात सरळ निम्मे. फेरफार प्रलंबित असेल, खातेदार वारला असेल आणि वारस नोंद झाली नसेल, तर पैसे मेलेल्या माणसाच्या नावावर अडकलेले. सामाईक खात्यात एकाच्या नावावर रक्कम घ्यायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, आणि भाऊबंदकी असेल तर ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत येत नाही.

यादी तहसीलमधून पोर्टलवर चढते, विशिष्ट क्रमांक पडतो, मग ई-केवायसी. २०२५ मध्ये ॲग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना त्यातून सूट मिळाली. चांगलं झालं. पण रक्कम पासबुकची झेरॉक्स दिलेल्या खात्यात जात नाही, आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं त्या खात्यात जाते. ते खातं बहुतेक वेळा कुठल्या तरी योजनेसाठी उघडलेलं आणि विसरलेलं. ‘पैसे आले नाहीत’ म्हणणाऱ्याने तलाठ्याशी भांडण्याआधी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते तपासावं. तिथेही कर्जखात्यामुळे ‘होल्ड’ असेल तर शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि मदतीतून वसुली करू नये हे ज्या शासन निर्णयात म्हटलंय त्याची प्रत जोडा. तोंडी सांगून काही होत नाही.

सभागृहाने यावर बोलावं. किती नावं कुठल्या टप्प्यावर अडकली याचा तालुकावार तक्ता मागा.

गाळ आणि मुरूम

पीक गेलेल्याचं एक वर्ष जातं. माती गेलेल्याचं काय? परंडा, माढा, करमाळ्याकडे सीनेकाठी फुटांनी माती गेली. खाली मुरूम, वर दगडगोटे.

पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि ३ लाख रोजगार हमीतून. गणित मांडतो. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर फूटभर माती टाकायची तर ३,०५० घनमीटर, म्हणजे सुमारे १,०७५ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). अर्ध्या फुटावर भागवलं तरी ५४० ब्रास, म्हणजे ट्रॅक्टरच्या तेवढ्याच ट्रॉल्या. ४७,००० भागिले ५४०: ब्रासला ८७ रुपये. त्यात भरणीसुद्धा निघत नाही, वाहतूक आणि पसरवणं सोडाच.

राहिले ३ लाख. रोहयोत मजुरी आणि साहित्य ६०:४०. हे प्रमाण एकेका शेताला नाही, एकूण कामांना लागतं, तरी कुणीतरी कुठेतरी मजुरीचा भाग उचलावा लागतोच. ३ लाखांचे ६० टक्के १,८०,०००, २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये, म्हणजे हेक्टरी ५७७ मनुष्यदिवस. टिकाव-घमेल्याने ५४० ब्रास माती कोण वाहून आणणार? हे पोकलेन आणि टिपरचं काम आहे आणि रोहयोत यंत्राला जागा नाही. त्यामुळे ३ लाख हा आकडा भाषणात राहतो आणि मस्टर (मजुरांचं हजेरीपत्रक) निघतच नाही.

उपाय आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत एकरी ४०० घनमीटर गाळापर्यंत अनुदान मिळतं. ४०० घनमीटर म्हणजे एकरावर जेमतेम १० सेंटिमीटर थर. खरडलेल्या गटांना ही मर्यादा तिप्पट करा, रोहयोचा हट्ट सोडा, पैसे यंत्राच्या तासावर द्या. आणि नुसता तलावाचा गाळ टाकून भागत नाही. चिकण गाळ मुरमावर थेट टाकला की पहिल्या पावसात वाहतो. आधी बांध घालून जमीन सपाट करायची, गोटे वेचायचे, मग थर द्यायचा.

तिजोरीची बाजू

रोहयोबद्दल सहमत. पण पंजाबची वाट धरू नका कुणी. तिथे शेतात साचलेली रेती शेतकऱ्याला विकू दिली, कारण तिथे रेती आली. इथे माती गेलीय. विकायला काही नाही.

जोखीमस्तर ७०

विम्याचं कुणीच काढलं नाही. पॅकेजच्या आकड्यात विम्याची अपेक्षित भरपाई धरली होती आणि पायाभूत सुविधांचे १०,००० कोटीही. पण खरीप २०२५ पासून एक रुपयात पीक विम्याची योजना बंद झाली आणि स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान हे सगळे निकष गेले. उरला फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून काढलेली मंडळाची सरासरी.

तो असा चालतो. मंडळातल्या मागच्या ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांची सरासरी, समजा १५ क्विंटल. त्याचे ७० टक्के, साडेदहा क्विंटल, हे उंबरठा उत्पादन. यंदाची मंडळाची सरासरी ९ आली तर तूट दीड क्विंटल, म्हणजे १४.३ टक्के. विमा रक्कम ५८,००० असेल तर हेक्टरी साधारण ८,३००. पण नदीकाठची तीन गावं पूर्ण वाहून गेली आणि माळावरच्या बारा गावांना बरं पिकलं, तर मंडळाची सरासरी ११ येते आणि सगळ्यांना शून्य. ज्याचं शेत वाहिलं त्यालाही. पूर आणि मंडळाची सरासरी यांचं जमतच नाही. म्हणून स्थानिक आपत्तीचा निकष परत आणा, दर काय ते नंतर बघू.

तिजोरीची बाजू

एक रुपयात काय झालं ते विसरलात का? देवस्थानाच्या आणि सरकारी जमिनीवर विमा, नसलेल्या फळबागांवर विमा. सेवाकेंद्रवाल्यांनी परस्पर अर्ज भरले. निकष परत आणायचाच तर ई-पीक पाहणीचा (मोबाइलवरून केलेल्या पीक नोंदीचा) फोटो आणि ७२ तासांत सूचना ही अट ठेवून आणा, तीही फक्त पुरापुरती.

बांधमोजणी

यादी, माती, विमा सगळं मान्य. पण हे मांडणार कुठे? विधानसभेच्या नियम २९३ च्या चर्चेला शेवटी मंत्र्यांचं उत्तर असतं, मतदान नसतं. लक्षवेधी सूचनेत तर दोन-तीन उपप्रश्नांत खेळ खलास. डिसेंबर २०२५ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. मतदान होतं ते मागणीवर, म्हणजे खात्याच्या खर्चाच्या मंजुरीवर. मार्चमध्ये महसूल खात्याच्या मागणीवर, नैसर्गिक आपत्तीच्या २२४५ या लेखाशीर्षाखाली (हिशेबाच्या शीर्षकाखाली), कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करा अशी सूचना) द्यायची आणि तिच्यात दराचा तक्ता, तालुकावार अडकलेली नावं, गाळाची मर्यादा असं सगळं घालायचं. बहुमतापुढे ती पडणारच. पण ३० मेसारखा शासन निर्णय पुन्हा निघाला तर कुणी कुठे हात वर केला होता याची कामकाजात नोंद राहील.

तिजोरीची बाजू

महसूल खात्याची मागणी चर्चेला ठेवलेल्या दिवसांत आली तर. नाही आली तर शेवटच्या दिवशी बाकीच्या मागण्यांसोबत चर्चेविना एकत्र मताला टाकतात, आणि मग कपात सूचना कामकाजपत्रिकेवरच राहते. कामकाज सल्लागार समितीत कुठलं खातं कुठल्या दिवशी हे ठरतं. आधी तिथे तुमच्या आमदाराला बोलायला सांगा.